तीनशे येनचा गंडम

१९८०च्या जुलैत जपानमधल्या खेळण्यांच्या दुकानांत एक छोटंसं खोकं आलं. किंमत ३०० येन, म्हणजे शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांतून परवडेल अशी. खोक्यावर आरएक्स-७८-२ गंडम या यंत्रमानवाचं झोकदार रंगीत चित्र. आत पांढऱ्या प्लास्टिकचे भाग, घडी घातलेला माहितीचा कागद आणि थोडासा डिंक. चित्रातला गंडम पांढरा, निळा, लाल, पिवळा; खोक्यातला मात्र नुसता पांढरा. हे मधलं अंतर भरून काढायचं काम बान्दाई कंपनीने विकत घेणाऱ्यावर सोडलं होतं. गनप्ला, म्हणजे गंडमची प्लास्टिक मॉडेलं जोडण्याचा छंद, त्या अंतरातूनच जन्मला असं माझं ठाम मत आहे.

खोकं आलं तेव्हा गंडमची टीव्हीवरची मूळ कार्टून मालिका संपून सहा महिने झाले होते. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाईल सूट गंडम’ एप्रिल १९७९मध्ये सुरू झाली. ५२ भागांची ठरलेली मालिका प्रेक्षक बेताचेच मिळाल्याने ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. लोकांनी ती डोक्यावर घेतली ती नंतर, पुनःप्रक्षेपणं पाहून. आणि त्यात लहान मुलांपेक्षा हायस्कूल-कॉलेजातली मुलं पुढे होती. कारण कुनिओ ओकावारा यांनी रेखाटलेले हे यंत्रमानव देव किंवा राक्षस नव्हते. ती लढाईची यंत्रं होती. कारखान्यात बनत, त्यांचा दारूगोळा संपे, हात-पाय तुटत. शत्रुपक्षाचा एकडोळ्या झाकू तर घाऊक बनणारा साधा शिपाई, आणि तरी कित्येकांचा गंडमपेक्षा लाडका.

बान्दाईने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. तोवर यंत्रमानवांची किटं खोक्याच्या आणि किमतीच्या मापाने लहानमोठी निघत. गंडमची किटं मात्र विमानांच्या मॉडेलांसारखी एका प्रमाणात निघाली. १८ मीटर उंचीचा गंडम १/१४४ प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचा झाला आणि झाकूही त्याच हिशेबाने. दोघांना शेजारी उभं केलं की कोण केवढा ते दिसे. मग मुलांना एकावर थांबवेना. पथकं उभी राहू लागली.

मी हे सगळं पहिल्या हाताने पाहिलेलं नाही. पुण्यात जपानी शिकून मी तोक्योला गेलो तो नव्वदच्या दशकात. शहराच्या पूर्वेकडे राहत होतो, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी मॉडेलचं एक दुकान होतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे इतकं अरुंद. छतापर्यंत खोकी रचलेली, मागच्या बाजूला रंगांच्या बाटल्यांची मांडणी आणि काउंटरच्या काचेखाली गिऱ्हाइकांनी केलेली मॉडेलं. दुकानदार आजोबांनी ऐंशीच्या दशकातला गनप्लाचा पूर पाहिला होता. शाळा सुटल्यावर पोरं काउंटरला नाक लावून कशी उभी राहत, कुणी झाकूला गोळ्यांच्या खुणा पाडायला सुई तापवून कशी टोचली होती, हे ते फार रंगून सांगत. जुना ३०० येनचा गंडम त्यांच्याकडे अजून होता. बान्दाई तो पुन्हा पुन्हा काढत राहिली आहे, त्यामुळे तो बाजारातून कधी पुरता गेला नाही. माझं पहिलं किट तेच.

ते किट जोडणं म्हणजे काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण आताच्या मुलांना त्याची कल्पना येत नाही. साच्यातून निघालेले भाग एका चौकटीला चिकटलेले असतात. तिला रनर म्हणतात, आणि भाग जिथे तिला जुळलेला असतो त्या बारक्या देठाला गेट. निपर नावाच्या कापायच्या छोट्या पकडीने गेट तोडायचा, पण भागाला लागून नाही. थोडा देठ ठेवून तोडायचा, मग उरलेला दुसऱ्यांदा कापायचा. एका फटक्यात कापलं तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो आणि खळगाही पडू शकतो. हे झाल्यावर पाय घ्या. पायाचे दोन अर्धे, पुढून-मागून किंवा डावा-उजवा, शिंपल्यासारखे मिटतात. मिटले की बरोबर मधोमध वरून खाली एक फट दिसते. खऱ्या यंत्राच्या पायावर अशी फट असायचं काहीच कारण नाही. ती जाईपर्यंत तो पाय खेळण्याचाच राहतो.

ती घालवायची रीत आजोबांनी मला काउंटरवर करून दाखवली. प्लास्टिकचा डिंक म्हणजे आपला कागदाचा डिंक नव्हे. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो. दोन्ही अर्ध्यांच्या कडांना तो सढळ हाताने लावायचा, थोडं थांबायचं, पुन्हा एकदा लावायचा. कडा मऊ झाल्या की दोन्ही अर्धे जुळवून हलकेच दाबायचे. घाई न करता दाब वाढवत नेला की फटीतून वितळलेलं प्लास्टिक वर येतं आणि सगळ्या लांबीभर एक चकचकीत बारीक वरंबा उभा राहतो. तो सलग हवा. कुठे तुटला तर तिथे खाली फट उरली आहे असं समजायचं. मग पायाला चिमटा लावून तो बाजूला ठेवून द्यायचा. किती दिवस? थंडीत आठवडाभर ठेव, असं आजोबा सांगत. नख टोचून बघायचा मोह होतोच, पण टोचायचं नाही; आत ओलं असेल तर नखाची खूण कायमची. पूर्ण वाळल्यावर कानस, त्यानंतर पॉलिशपेपर, ४०० नंबरपासून चढत ८००-१००० पर्यंत. वरंबा जातो, त्याच्यासोबत फटही जाते, आणि दोन तुकड्यांचा पाय एका तुकड्याचा होतो. बोट फिरवलं तरी सांधा कळत नाही. डिंक चुकलेल्या जागी लांबी भरायची आणि पुन्हा घासायचं.

यानंतर रंग. पांढऱ्या छातीला निळा हात द्यायचा, पोटाला आणि पावलांना लाल, छातीवरच्या झडपांना पिवळा. पिवळा सगळ्यात अवघड, कारण तो पातळ पडतो, खालचा रंग दाखवतो. त्याच्याखाली आधी पांढरं अस्तर लागतं. दोन मिलिमीटरच्या चौकोनात ब्रश बाहेर जाऊ न देता पिवळा भरायचा, तेही श्वास रोखून. शेवटी बारीक खाचांत पातळ केलेला काळा एनॅमल रंग टेकवायचा. ब्रशचं टोक नुसतं खाचेला लावलं की रंग आपोआप तिच्यातून धावत जातो. बाजूला सांडलेला थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसला की खाच तेवढी काळी राहते. साडेबारा सेंटिमीटरच्या प्लास्टिकला वजन येतं ते या रेघांनी. याला जपानीत ‘सुमीइरे’ म्हणतात, शाई भरणं. सगळ्या प्रकारात मला हेच काम सर्वांत आवडतं.

म्हणजे ज्याला आज ‘डिटेलिंग’ म्हणून वेगळी पायरी मानतात, ते तेव्हा मॉडेल पुरं होण्यासाठीच लागायचं. परिणाम असा की एका वर्गातल्या मुलांचे गंडम कधी सारखे नसत. दिवाळीत एकाच वाड्यातल्या दोन पोरांचे किल्ले सारखे होत नाहीत, तसंच. कुणाचा निळा आकाशी, कुणाचा शाईसारखा, कुणाचा झाकू चिखलाने माखलेला. १९८१ साली ‘हॉबी जपान’ मासिकाने ‘हाऊ टू बिल्ड गंडम’ नावाचा विशेषांक काढला. जाणती तरुण मंडळी किट कसं कापतात, कुठे सांधा बसवतात, कुठे जाडी कमी करतात हे त्यात फोटोंसह दाखवलेलं होतं. मूळ किटचे सांधे मोजकेच होते, चित्रातल्या ऐटीत ते उभं राहत नसे, म्हणून मुलं गुडघे कापत आणि बॉलपेनच्या नळ्या घालत. या मंडळींच्या ‘स्ट्रीमबेस’ गटातले कात्सुमी कावागुची पुढे १९८५ साली बान्दाईतच रुजू झाले. गिऱ्हाइकाने जे स्वतःच्या हाताने दुरुस्त करून घेतलं होतं, ते आता कंपनीच्या साच्यात शिरणार होतं.

आणि ते शिरलं. ऐंशीचं दशक संपता संपता भाग नुसते दाबून बसू लागले, डिंकाची गरज संपली. सांध्यांत पॉलिकॅप आल्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या वाट्या, त्यामुळे हात-पाय हलवले तरी ढिले पडेनात. १९९० साली दहाव्या वाढदिवसाला ‘हाय ग्रेड’ गंडम आला आणि त्यात एकाच रनरवर चार रंगांचं प्लास्टिक शेजारी शेजारी ओतलेलं होतं. पांढरं, निळं, लाल, पिवळं. ब्रशचं निम्मं काम त्या एका चौकटीने काढून घेतलं. १९९५ला १/१०० प्रमाणातला ‘मास्टर ग्रेड’, १९९८ला १/६० प्रमाणातला ‘परफेक्ट ग्रेड’ गंडम, २०१०ला ‘रिअल ग्रेड’, ज्याचा आतला सांगाडा रनरवरच जोडलेला येतो. कापून घेतला की गुडघा वाकतो.

शिझुओकाला गेल्याशिवाय यातली करामत कळत नाही. जपानमधली प्लास्टिक मॉडेलं मुख्यतः याच गावची. एदो काळात सेन्गेन देवळाच्या बांधकामासाठी जमलेले कारागीर इथे वस्तीला राहिले आणि त्यांच्या मागून लाकूडकामाची परंपरा आली असं सांगतात. तामिया ही आज जगभर गाजलेली कंपनीही मुळात लाकडाच्या व्यापारातली. आधी लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिक. हासेगावा, आओशिमा याच परिसरातल्या. बान्दाईचं हॉबी सेंटर २००६पासून इथेच आहे आणि गनप्ला तिथून निघतो. गावाला याचा इतका अभिमान की रस्त्यावरची एक टपालपेटी रनरच्या चौकटीत बसवलेल्या मॉडेलच्या भागासारखी केली आहे, जणू तोडून जोडायची बाकी आहे. पूर्वी मूळ नमुना लाकडात कोरत आणि त्यावरून पोलादी साचा उतरवत. आता नमुना संगणकावर होतो, पण साच्यावरचा शेवटचा हात अजून माणसाचाच. तो साचा किती नेमका असतो ते दोन भाग जुळल्यावर जाणवतं. नुसतं ‘टक्’ होतं आणि बोटाला पायरी लागत नाही. जे कौशल्य पूर्वी लाखो पोरांच्या हातांत थोडं थोडं होतं, ते आता शिझुओकातल्या थोड्या माणसांच्या हातांत एकवटलं आहे, आणि तिथे ते अचाट आहे. माझ्या मनात त्यांच्याविषयी निखळ आदर आहे.

माझा भाचा तोक्योच्या एदोगावा भागातल्या जपानी शाळेत जातो. हल्ली तो किटं जोडतो. २०२०मध्ये आलेला ‘एंट्री ग्रेड’ गंडम, किंमत ७०० येन, त्याने मागच्या महिन्यात माझ्यासमोर केला. निपर लागला नाही, भाग हातानेच रनरवरून सुटतात. डिंक नाही, रंग नाही, डोळ्यांना स्टिकरसुद्धा नाही, डोळ्यांचा रंगही भागांतूनच आला होता. जेवणाआधी बसला आणि ताटं वाढेपर्यंत गंडम टेबलावर एका गुडघ्यावर टेकून उभा होता. पायावर मधोमध फट शोधली, मिळाली नाही. फट होती, पण ती चिलखताच्या पत्र्यांच्या रेषेवरच बेतलेली होती. वितळवून, वाळवून, घासून जी घालवायची, ती डिझायनरने मुळातच डोळ्याआड केली होती. हे पाहून मी खरोखर थक्क झालो.

मग त्याला माझ्याकडचं जुनं किट दाखवलं, खोकं न फोडलेलं. उघडून त्याने पहिला प्रश्न विचारला, “मामा, यात रंगच नाहीत?”

“रंग आपण द्यायचे.”

“मग खोक्यावरच्याला कुणी दिले?”

“खोक्यावरचं चित्र आहे. चित्रकाराने काढलंय.”

“म्हणजे आतला तसा होणारच नाही?”

“तू करशील तसा होईल.”

त्याला हे अन्यायाचं वाटलं, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते वाटणं मी समजू शकतो. त्या काळात हात अवघडलेलं मूल डिंकाच्या बोटांनी गंडमचा चेहरा बिघडवून बसे आणि पुन्हा या वाटेला फिरकत नसे. अशी किती गेली असतील कोण जाणे. आज तसं होत नाही. पहिलंच किट देखणं होतं, मूल टिकतं, दुसरं मागतं. गनप्लाचा एकूण खप ५० कोटींच्या पुढे गेला आहे, तो या सोपेपणावाचून गेला नसता. हा लाभ मोठाच आहे.

पण तोटाही मोठाच आहे, आणि तो लपवायला मी तयार नाही. आजचं किट एका दुपारी पुरं होतं आणि सगळ्यांचं सारखं होतं. वाट पाहणं त्यातून गेलं. डिंक वाळायच्या त्या आठवड्यात मॉडेल डोक्यात पुरं होत असे. निळा कोणता द्यायचा, ढालीवर ओरखडा कुठे पाडायचा, हे शाळेच्या वाटेवर ठरे. आणि ठरेना म्हणून मूल दुकानात जाई. आमच्या गल्लीतल्या दुकानात रंगाची बाटली घेणारं पोरगं कमीतकमी एक सल्ला फुकट घेऊन जाई. आता रंगाची बाटलीच नको तर दुकानात कशाला थांबायचं? आजोबा गेल्यावर दुकान बंद झालं. तिथे आता वाहनतळ आहे, चार मोटारींचा. अशी गल्लीबोळांतली दुकानं शहरभर मिटत गेली, आणि किटं विजेच्या उपकरणांच्या मोठमोठ्या दालनांत वरच्या मजल्यावर गेली. तिथे निवड प्रचंड असते. काउंटरवर पाय घेऊन फट दाखवणारं कुणी नसतं.

गनप्लासाठी दुकानांत लागणाऱ्या रांगा मात्र पूर्वीसारख्याच. १९८१-८२मध्ये मालिकेचे तीन चित्रपट आले तेव्हा मागणी एवढी भडकली की दुकानदार न खपणारी किटं गंडमच्या गळ्यात बांधून विकत. जानेवारी १९८२मध्ये चिबा प्रांतातल्या एका मोठ्या दुकानात गनप्लासाठी धावलेली मुलं सरकत्या जिन्यावर एकमेकांवर कोसळली आणि जखमी झाली. करोनाच्या वर्षांपासून पुन्हा टंचाई आहे. फरक असा की रांगेतली बरीच माणसं किट जोडणारी नसतात. उघडायचं नाही, चढ्या भावाने पुढे विकायचं. दुकानं माणशी एकच किट देतात तरी फळ्या रिकाम्या. पूर्वी पोरांच्या धक्काबुक्कीत निदान प्रत्येक खोकं उघडलं जाणार हे नक्की होतं. खोकं न उघडता हातोहात फिरवण्याचा हा प्रकार मला मनापासून खटकतो.

डिटेलिंग करणारे राहिले नाहीत असं मात्र कुणी समजू नये. ते आहेत, आणि १९८१च्या विशेषांकातल्या तरुणांच्या कितीतरी पुढे गेले आहेत. सुईसारख्या टोच्याने चिलखतावर नव्या रेषा कोरणारे, अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक पत्र्याचे तुकडे चढवून पृष्ठभाग गजबजवणारे, एअरब्रशने एकाच पांढऱ्यात चार छटा काढणारे. २०११पासून गनप्लाची जागतिक स्पर्धा भरते आणि तिथली कामं पाहताना तासभर एका मॉडेलसमोरून हलवत नाही. गंमत म्हणजे यांच्यातले काही मुद्दाम तोच ३०० येनचा गंडम निवडतात. त्याची फट, त्याचे अडेल सांधे, त्याचा एकरंगी पांढरेपणा त्यांना हवा असतो, कारण त्याच्यात अजून करण्यासारखं सगळं बाकी आहे. एक काळजी नव्या किटला घ्यावी लागते, ती इथेच सांगून टाकतो: दाबून बसवलेल्या भागांवर ताण असतो, त्यात एनॅमलचं थिनर सढळपणे मुरलं तर प्लास्टिक तडकतं. सुमीइरे करण्याआधी भाग सुटे करावेत, रंग अगदी थोडा घ्यावा.

भाच्याने शेवटी जुनं किट करायचं कबूल केलं. अट घातली की छाती निळी नको, जांभळी हवी. तयार जांभळी बाटली मिळत होती, पण त्याला ती फिकी वाटली, म्हणून निळ्यात लाल थेंब थेंब टाकून आम्ही स्वतःची केली आणि रनरच्या रिकाम्या तुकड्यांवर रंगाच्या पट्ट्या ओढून पाहिल्या. चौथी पट्टी पसंत पडली. डाव्या पायावरचा वरंबा सलग आला आहे, उजव्याचा घोट्याजवळ तुटला, तिथे लांबी भरावी लागेल. रोज शाळेतून आल्यावर तो फोन करून विचारतो, वाळला का? शनिवारी कानस लावू म्हणून सांगितलंय.